राणीचा डावा हात

"हिला हात कुठून आला?" मिरीने विचारलं, आणि आजोबांचा चहाचा कप ओठांशी पोचायच्या आतच थांबला. प्रश्न साधा होता. आवाज चढलेला नव्हता, उलट जरा खालीच उतरला होता. पण सकाळपासून ते ज्या प्रश्नाची वाट बघत होते तो हा नव्हता. मिरी डबा उघडेल, अंगठ्याएवढी राणी उचलून खिडकीच्या उजेडात फिरवून बघेल, मग आपण अगदी सहज म्हणू, 'सांग बघू, यातला नवा हात कोणता?', मग ती चुकेल, पुन्हा चुकेल, आणि मग दोघं मिळून हसू, असं सगळं त्यांनी मनातल्या मनात वठवूनसुद्धा पाहिलं होतं. मिरी चुकलीच नाही. झाकण निघाल्याबरोबर तिची नजर सरळ त्या हातावर गेली. घरातल्या आपल्या ठरलेल्या खुर्चीत कुणी अनोळखी पाहुणा बसलेला दिसावा, तशी ती त्या हाताकडे बघत राहिली. "मी लावला," आजोबा म्हणाले, आणि उगाचच भर घातली, "आतून पितळेची तार आहे. आता पडली तरी तुटायचा नाही." हे शेवटचं वाक्य तोंडातून निघता निघताच त्यांनी मिरीच्या तोंडाकडे पाहिलं. आपण काहीतरी बिघडवून ठेवलं आहे एवढं कळलं. काय, ते मात्र कळेना.

तसं पाहिलं तर मिरीने काही लपवून ठेवलं नव्हतं. हा खेळ तिने त्यांना अनेकदा समजावून सांगितला होता, आणि त्यांनी तो अनेकदा मान डोलावत ऐकला होता. ती आणि तिची दोन दोस्तमंडळी दर रविवारी या घरातल्या जेवणाच्या टेबलावर एक जुनी चादर पसरायची, पुठ्ठ्याचे डोंगर मांडायची, निळ्या कापडाची नदी सोडायची आणि तिच्या दोन्ही काठांवर आपापली इवलीइवली सैन्यं उभी करायची. मग फासे पडायचे, शिंप्याच्या फितीने अंतरं मोजली जायची आणि एवढं भांडण व्हायचं की खालच्या मजल्यावरचे लोक विचारायचे, तुमच्याकडे काही कार्य आहे का. लढाई एका दिवसात संपत नसे. ती मागच्या सुट्टीपासून चालू होती आणि आज तिचा शेवटचा दिवस होता. शुक्रवारी शाळेतून परस्पर इकडे आली तेव्हा मिरी म्हणाली होती, "आजोबा, भालेवाल्याचा भाला निघालाय. लावून द्याल?" आणि भाला डब्याच्या तळाशी कुठेतरी पडला असल्यामुळे तिने अख्खा डबाच त्यांच्यापुढे ठेवला होता. तिने एका भाल्याचं सांगितलं होतं. हे त्यांना आता, कप बशीवर ठेवताना, लख्ख आठवलं.

पण शनिवारी सकाळी हे कुठे आठवत होतं. शनिवारची सकाळ किती वर्षांनी आली होती तशी. भाला म्हणजे काहीच नाही. मुठीत भोक पाडायचं, काडी बसवायची, एक थेंब डिंक, संपलं. पण त्या एवढ्याशा कामाने हाताला चव लागली. कप धरताना, शर्टाची गुंडी लावताना हल्ली थरथरणारा त्यांचा उजवा हात, बारीक गिरमिट बोटांत आलं की कसा कोण जाणे, शाळेच्या पहिल्या बाकावरच्या मुलासारखा शहाणा झाला. भिंगाखाली ते जग मोठं झालं. भालेवाल्याच्या गालावर मिरीने काढलेला देवीचा व्रण दिसला, घोड्याच्या डोळ्यातला पांढरा ठिपका दिसला, आणि मग डब्यातले बाकीचेही दिसू लागले. ढोलवाल्याचा पाय घोट्यातून गेलेला. आणि खाली, कापसाच्या वेगळ्या घडीत, एकटी ठेवलेली राणी. तिचा डावा हात खांद्यापासून नाहीसा. ती कापसात वेगळी का ठेवली असेल, असा विचार कुणाच्याही मनात आला असता. आजोबांच्या आला नाही. सगळा जन्म ज्या माणसाने दातांच्या लॅबमध्ये काढला, त्याच्या मनात तो यावा तरी कसा. तिथे डबीत जे यायचं ते दुरुस्तीलाच यायचं. कापसात गुंडाळलेलं असेल तर जास्त निगुतीने करायचं, एवढाच त्याचा अर्थ. धडधाकट दात काही कोणी डबीत घालून पाठवत नाही.

ती लॅब एका दवाखान्याच्या मागच्या खोलीत होती. पुढे डॉक्टर, पंखा, मासिकं, माणसं. मागे प्लास्टरची पांढरी धूळ, मेणाचा वास, भट्टीची ऊब आणि एका रांगेत बसलेले चार कारागीर. पेशंटने त्यांना कधी बघितलं नाही आणि त्यांनी पेशंटचं नुसतं तोंड बघितलं, तेही प्लास्टरमध्ये, ओठांशिवाय. ज्यांच्या हाताखाली आजोबा शिकले त्या म्हाताऱ्याला सगळे दाढोबा म्हणायचे, कारण दाढा त्यांच्यासारख्या कोणी कराव्यात. दाढोबा दिवसभरात फार तर दहा वाक्यं बोलायचे आणि त्यातलं एक ठरलेलं असायचं. नवा पोरगा दात करून दाखवायला आला की ते दात हातात घेऊन म्हणायचे, "छान आहे. म्हणजे फसला." दात छान दिसला की तो केलेला आहे हे कळलं, आणि कळलं की संपलं. शेजारच्या दाताला चहाचा डाग असेल तर यालाही डाग हवा. शेजारचा वाकडा असेल तर यानेही थोडं मान वाकडी करून उभं राहायचं. आपलं काम दिसू नये हेच आपलं काम. आजोबांनी ते वाक्य असं काही गिळलं की पुढे त्याचं रक्तच झालं. एकदा बसमध्ये समोरच्या सीटवर एक बाई सफरचंद खात बसल्या होत्या. पहिला घास तोडायला त्यांनी तोंड उघडलं आणि आजोबांनी वरचा डावा सुळा ओळखला. त्यांचाच. त्याच्या टोकाला, शेजारच्या दाताशी जुळावा म्हणून, त्यांनी मुद्दाम एक बारीकशी झीज दिली होती. सफरचंद कचाकच जात होतं. सुळा शेजाऱ्यापाजाऱ्यांत इतका मिसळून गेला होता, जणू याच घरात जन्मला. आजोबा आपला स्टॉप सोडून पुढे गेले, सफरचंद संपेपर्यंत गेले, आणि उन्हातून चालत परत येताना त्यांना शीळ वाजवावीशी वाटत होती. बाईंना काय सांगणार? घरी येऊन आजीला सांगितलं, तर ती म्हणाली, "दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. आमचं मात्र दातांवरच भरलं. जेवायला बसा."

तर तसा तो राणीचा हात झाला होता. दुपारचं जेवण विसरून, आजीच्या दोन हाका पचवून झाला होता. खांद्यात गिरमिटाने भोक, त्यात पितळेची तार, वर पुट्टीचं मांस, त्यावर सुईने कोरलेल्या बाहीच्या चुण्या. उजव्या हाताची करंगळी जरा बाहेर होती म्हणून डाव्याचीही तशीच ठेवली. रंग मिळवताना तर त्यांनी पाच वेळा पुसून पाच वेळा लावला. मिरीने राणीला रंगवताना तपकिरीत थोडा हिरवा मिसळला होता हे त्यांना चौथ्या वेळी कळलं, आणि एवढ्याशा पोरीने तो का मिसळला असेल, राणी जंगलातून आली असेल काय, असा विचार करत ते खिडकीशी कितीतरी वेळ उभे राहिले होते. आनंद म्हणतात तो याच्याहून काय वेगळा असतो?

"आजोबा," मिरी आता म्हणत होती, "तो हात पुलावर गेला होता."

"कुठल्या पुलावर?"

"आपल्या पुलावर. म्हणजे नदीवरच्या. ढोलवाला पाण्यात पडला, मगरी होत्या, राणीने त्याला ओढून काढायला हात घातला आणि माझा फासा वाईट पडला." तिने राणीच्या खांद्यावर बोट ठेवलं. "टेबलावर जे घडतं ते अंगावर राहतं. असा आमचा नियम आहे. मी स्वतः कापला होता तो, सगळ्यांसमोर, नखं कापायच्या कात्रीने. ढोलवाल्याचा पाय दप्तरात मोडला, तो अपघात, तो चालतो. भाला पण चालतो. ते सगळं फार मस्त झालंय." ती न्यायाने बोलत होती, आणि त्या न्यायानेच आजोबांना जास्त लागलं. "पण घाव कुणी बरा केला तर तो माणूस बाद. आणि राणी बाद झाली की माझे सगळे पळून जातात. तिच्यामुळे तर उभे आहेत. एक हात नाही आणि तरी पुढे आहे म्हणून."

"आणि लढाई आज."

"आत्ता येतीलच ते."

करायला गेलो एक आणि झालं भलतंच. आजोबांनी राणीला तळहातावर घेतलं. ती दोन्ही हातांनी धडधाकट, आपलं काय हरवलं याचा पत्ता नसल्यासारखी दिसत होती. आता तिच्याकडे बघताना त्यांना दाढोबा डोळ्यांपुढे येत होते. दाढोबांनी हा हात बघितला असता तर 'छान आहे' म्हटलं नसतं, काहीच म्हटलं नसतं, नुसता पुढच्या कामाला हात घातला असता, आणि ते त्यांचं सर्वांत मोठं सर्टिफिकेट. त्या सर्टिफिकेटासकट आज नातीचं अख्खं सैन्य पळून जाणार होतं. "तोडून देतो," ते म्हणाले. "आत्ता. होता तसा." त्यांनी चिमटासुद्धा उचलला. मिरीने मान हलवली. "मी तोडला होता तेव्हा तो तिचा घाव होता. तुम्ही तोडलात तर ती नुसती मोडतोड." एवढ्याशा तोंडाला हे कुठून सुचतं, असं वाटून त्यांनी चिमटा खाली ठेवला. खरं तर सुटकाच झाली. मोडलेलं जोडायला शिकलेला हात जोडलेलं मोडायला निघाला, की मनगटात कुणीतरी आतून धरून ठेवतं.

आजी पाण्याचा जग घेऊन आली आणि दोघांची तोंडं बघून थांबली. प्रकरण काय ते तिला सांगावं लागलं नाही. शनिवारभर तिने दारातून पाहिलंच होतं. "हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय," ती म्हणाली. "काल म्हटलं होतं, पोरीला एक फोन करून विचारा. तर म्हणाले, गंमत करायची आहे. झाली गंमत?"

"अगं, मला वाटलं..."

"तुम्हाला नेहमीच वाटतं. माझ्या आईच्या फोटोची काच तडकली होती तेव्हाही वाटलं होतं. काच बदलताना फोटोतले तिचे पांढरे केसही काळे करून आणलेत."

"चांगली दिसत होती की."

"चांगली दिसत होती, पण आई कुठे दिसत होती?" आजी म्हणाली आणि जग ठेवून गेली. मिरीला हसू आलं, ते तिने दाबलं, पण दाबलेलं हसू नाकातून निसटलं, आणि आजोबांना वाटलं, अजून काही सगळंच गेलेलं नाही. "मग काय करायचं?" त्यांनी विचारलं. "सांगायचं," मिरी म्हणाली. "काय सांगायचं?" "खरं." तेवढ्यात दाराची घंटा वाजली.

आले ते दोघे. एक लंबू: दारातून आत येताना सवयीने मान झुकवणारा, खरं तर दारापेक्षा बराच लहान असलेला मुलगा, आणि त्याचं सैन्य नेमकं बुटक्यांचं. दुसरी वकीलबाई: कानापर्यंत कापलेले केस, कपाळावर आठी, आणि खेळाचे नियम पाठ असलेली मुलगी, पुलाखालच्या मगरी तिच्याच होत्या. मिरीने त्यांना बूटही काढू दिले नाहीत, सगळं सांगून टाकलं. एका दमात, मध्ये न थांबता, आजोबांना वाचवायचा किंवा अडकवायचा काही प्रयत्न न करता. मग तिघं टेबलाशी बसली आणि आजोबांना समोरची खुर्ची दाखवण्यात आली. स्वतःच्या घरात, स्वतःच्या खुर्चीत, ते असे बसले, जणू आता त्यांची हजेरी घेतली जाणार.

"तुम्ही मिरीला विचारलं होतं?" वकीलबाईने सुरुवात केली.

"नाही."

"मग कोणाला विचारलं?"

"ते कोणालाच विचारत नाहीत," आतून आजीचा आवाज आला. "हवं तर मी साक्ष देते."

"आजी, मध्ये बोलायचं नाही," वकीलबाई म्हणाली आणि तिने भिंग मागून घेतलं. एक डोळा मिटून, जीभ दातांत धरून तिने राणीचा खांदा पुढून पाहिला, मागून पाहिला, काखेतून पाहिला. आजोबांना वाटत होतं की आपण मान खाली घालून बसावं, पण मान काही खाली जाईना; कोणीतरी पहिल्यांदाच त्यांचं काम भिंगातून बघत होतं. "जोड कुठे आहे?" ती अखेर म्हणाली. "जोड दिसतच नाही." "नाहीच दिसणार," आजोबा म्हणाले, आणि आवाजातला तो तोरा त्यांनाच ऐकू आला. वकीलबाईने भिंग खाली ठेवलं. "हीच तर लबाडी," ती म्हणाली.

तिच्या बोलण्यात राग नव्हता. दोन आणि दोन चार म्हणावं तशी ती म्हणाली. पण आजोबा त्या शब्दापाशी थांबले, आणि बाकीची तिघं काय बोलत होती ते काही वेळ त्यांना खोलीच्या दुसऱ्या टोकाहून आल्यासारखं ऐकू येत राहिलं. लबाडी. ज्याला त्यांनी सगळं आयुष्य कसब म्हटलं, त्याला ही मुलगी लबाडी म्हणत होती, आणि गंमत अशी की तिच्या बाजूने बघितलं तर ती बरोबर होती. बसमधल्या बाई काही लबाड नव्हत्या. त्यांना सफरचंद खायचं होतं, चारचौघांत हसायचं होतं, आणि त्यांचा सुळा खरा की खोटा याची उठाठेव जगाला नव्हती. त्यांना झाकण हवं होतं, त्यांना ते मिळालं. पण राणीने कुठे मागितलं होतं? तिच्या दातांचा, म्हणजे हाताचा, हिशेबच उलटा होता. तिचं न झाकणं हीच तिची फौज होती. दोन्ही खरं. एकाच खोलीत, एकाच टेबलावर, दोन्ही खरं. आजोबांना एकदम लहानपणी गणिताच्या तासाला यायचं तसं हलकं हलकं वाटू लागलं, जेव्हा उत्तर चुकलेलं असायचं पण कुठे चुकलं ते अचानक दिसायचं, आणि बरोबर आलेल्या मुलांपेक्षा आपल्यालाच जास्त मजा यायची. या वयात आपल्याला कोणी नवीन काही शिकवेल असं त्यांना वाटलं नव्हतं. तेही मगरी बाळगणाऱ्या बाईने.

"माझ्या मामाला गुडघ्याखाली लावलेला पाय आहे," लंबू सांगत होता. तो एकंदरीत कमी बोलायचा, त्यामुळे सगळ्यांनी त्याच्याकडे माना वळवल्या. "लोखंडी आहे. तो हाफ पँट घालूनच फिरतो. म्हणतो, दिसू दे की, उगाच लोकांनी वाकून वाकून बघायला नको. पळतो पण. तो काय बरा झाला असं कोणी म्हणत नाही. पाय गेलाय तो गेलाच आहे."

"मग?" मिरी म्हणाली.

"मग राणीला पण तसा असू दे. खोटा. पण खोटा दिसणारा."

वकीलबाईची आठी गोळा झाली, सैल झाली, पुन्हा गोळा झाली. नियमात असं कुठे नव्हतं. पण नियमात याच्या विरुद्धही काही नव्हतं, आणि त्याचा तिला फार त्रास होत होता. "टेबलाच्या पलीकडून दिसला पाहिजे," ती म्हणाली. "भिंग न लावता."

"दिसेल."

"त्या हाताने तलवार धरायची नाही."

"घोड्याचा लगाम?" मिरीने विचारलं.

"लगाम... चालेल. ढाल नाही."

"अर्धी ढाल?"

"मिरी, अर्धी ढाल काय असते?"

"बरं, लगाम."

"आणि आत्ताचा हात मिरीनेच काढायचा," वकीलबाई म्हणाली. "सगळ्यांसमोर. मगच."

आजोबांनी खिडकीतला दिवा टेबलावर ओढला, खाली वर्तमानपत्र पसरलं आणि हत्यारं मांडली. मागच्या खोलीतली वर्षं संपल्यापासून ती त्यांनी अशी ओळीने मांडली नव्हती. आणि मागच्या खोलीत ती मांडताना कधी तीन डोकी त्यांच्यावर वाकली नव्हती. मिरीच्या हातात त्यांनी कात्री दिली. "तोडायला जाऊ नकोस," ते म्हणाले. "नुसती दाबत राहा. घाई केलीस की खांदा घेऊन जाईल. खांद्याच्या अगदी कडेला... हं. तारेला लागलं की हाताला कळेल, तिथे थांब." त्यांनी राणीला दोन बोटांत धरलं होतं, मिरीची बोटं त्यांच्या बोटांना लागून होती, गरम आणि जराशी चिकट. पुट्टी भेगाळली. चुण्या असलेली बाही, बाहेर काढलेली करंगळी, पाच वेळा पुसून लावलेला तपकिरी-हिरवा रंग, सगळं मिळून एक इवलासा टक्क आवाज झाला आणि शनिवार वर्तमानपत्रावर पडला. आजोबा दुःखाची वाट बघत राहिले. ते येईना. त्याच्याऐवजी पोटातून खालून वर अशी एक गुदगुली येत होती, आणि राणीच्या खांद्यातून नुसती तार बाहेर उभी होती, पिवळीजर्द, दिव्याखाली चमकणारी.

"ही किती मस्त आहे," वकीलबाई म्हणाली. "हीच दिसू दे ना. एवढी चांगली गोष्ट आत का लपवली होती?"

आजोबांनी तारेचा गुंडा तिच्यासमोर ठेवला. बोटं तिघांनी एकेक करायची असं ठरलं. चौथं आणि पाचवं राणीला परवडण्यासारखं नव्हतं, एवढ्याशा मनगटावर मावलंच नसतं. लंबूने त्याचं बोट पहिल्याच फटक्यात वळवलं, कारण त्याला घाई नव्हती. मिरीने तिचं जरा आखूड केलं. वकीलबाईची तार चिमट्यात तुटली. दुसरीही तुटली. तिचं नाक लाल झालं. "मला येत नाही," ती म्हणाली. "तुला येत नाही असं नाही," आजोबा म्हणाले, "तू श्वास धरून ठेवतेस. श्वास धरला की बोटंही धरून बसतात. सोड. आधी सगळा सोड, मग वळव. तुटली तर तुटू दे, तार काही रागवत नाही." तिने श्वास सोडला, भिंगावर धुकं आलं, तिघं हसली, आणि त्या हसण्यात तार वळली. जरा जास्तच वळली. राणीचं एक बोट असं काही आकडा झालं की तिला वाटलं तर त्याला पिशवी अडकवता आली असती. आजोबांचा हात आपोआप पुढे गेला होता, ते सरळ करायला. तो त्यांनी मध्येच अडवला आणि दुसऱ्या कामाला लावला: मनगट खांद्याच्या तारेवर बसवणं, एक थेंब डिंक, आणि थांबणं. ढोलवाल्याच्या पायाला थांबले होते तेवढंच, पण आता त्यांच्याबरोबर आणखी तीन माणसं श्वास सोडत थांबली होती.

जोडाशी एक फट राहिली. बारीकच, पण फट. भिंगाशिवायसुद्धा त्यांना ती दिसत होती, कारण त्यांना नेहमी आधी फटच दिसायची. पुट्टीची डबी कोपराशी होती. एक कण, सुईच्या टोकावर, एक हलका फेर, आणि राणीचा खांदा पुन्हा आईच्या पोटातून आल्यासारखा झाला असता. कोणाला कळलंही नसतं, या तिघांना तर नाहीच. बोटं डबीवर गेली. मिरी बघत होती. डबा पुन्हा आपल्याकडे येणार की नाही, हे आत्ता, या बोटांवर ठरतंय, एवढं त्यांना समजत होतं. आणि समजत नसतं तरी, त्यांना वाटलं, आज ही डबी उघडली नसती. फटीतून दिव्याचा एक धागा आत गेला होता आणि आतली तार झळकत होती. आजोबांनी झाकण घट्ट फिरवलं आणि डबी खिशात टाकली. "झालं," ते म्हणाले. "आता सुकेपर्यंत डोंगर मांडा."

मिरीने राणीला उचललं. तिने तिला उजेडात धरलं, फिरवलं, वाकड्या बोटाला नखाने टिचकी मारून बघितली. "पुढच्या वेळी," ती म्हणाली, "तुटलेलं कोणतं आणि गेलेलं कोणतं ते मी आधी सांगेन. मग करा."

"पुढच्या वेळी मी आधी विचारेन."

"तेही चालेल," मिरी म्हणाली आणि राणी घेऊन नदीच्या काठी गेली.

डोंगर लागले, नदी सुटली, फौजा उभ्या राहिल्या. भालेवाला भाल्यासकट, ढोलवाला दोन पायांवर, आणि सगळ्यांच्या पुढे घोड्यावर राणी, तीन बोटांच्या पितळी पंजाने लगाम धरलेली. वकीलबाई टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला, आपल्या मगरींच्या मागे जाऊन उभी राहिली. डोळे बारीक केले, मोठे केले. "दिसतोय," ती म्हणाली. "काय भयंकर दिसतोय. आकडा तर माझाच सगळ्यात भयंकर आहे."

"जोड पण दिसतोय?" आजोबांनी विचारलं.

"जोड तर केवढा दिसतोय."

लंबूने फासे हातात खुळखुळवले. मिरीने फौजेवरून एकदा नजर फिरवली. कोणी पळालं नव्हतं. पण आजोबांचं लक्ष अजून खेळात नव्हतं. ते खुर्चीतून उठले आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे वळून त्यांनी हाक मारली, नेहमीपेक्षा जरा मोठ्यानेच, "अगं, जरा ये इकडे." आजी ओले हात पुसत दारात आली. चष्मा तिच्या कपाळावर होता. "डोळ्यांवर घेऊ नकोस," आजोबा म्हणाले, "तशीच बघ. राणीचा हात. आम्ही केला. दिसतोय का?"

आजीने दारातूनच पाहिलं. टेबल, डोंगर, नदी, तीन डोकी, आणि मध्ये उन्हाच्या तिरिपेत लुकलुकणारा तो पिवळा ठिपका.

"दिसतोय हो," ती म्हणाली. "अगदी इथून दिसतोय."

आजोबा हसले. अगदी दात दाखवून हसले, आणि फासे पडले.